आत्मपरीक्षण आणि पीडितांची बाजू : प्रभुभोजनाआधी स्वतःला नेमकं काय विचारायचं?

कोरी_वही (धागाकर्ती)

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की आत्मपरीक्षणाच्या प्रश्नावल्या फिरायला लागतात. रागावलो का, खोटं बोललो का, प्रार्थना चुकवली का, वाईट विचार मनात आले का. प्रश्न चुकीचे नाहीत. पण पान उलटलं तरी कोणाची मजुरी थकवली आहे का, डोळ्यांदेखत कोणावर अन्याय होत असताना मान खाली घालून बसलो का, असलं काही येत नाही. मी आणि माझा देव, दोघांत सगळं मिटतं. ज्याचं नुकसान झालं तो चित्रात कुठेच नाही.

गंमत म्हणजे ज्या वचनावर ही सगळी प्रथा उभी आहे ते वचन खाजगी पापाबद्दल नाहीच. करिंथकरांस पहिलं पत्र, ११:२८ : माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीतली) भाकर खावी. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण सात ओळी वर जा. २१ आणि २२ व्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल कशावर संतापलाय? मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद) एकत्र जमते, कोणी आपलं जेवण आधीच उरकतो आणि पिऊन तर्र होतो, कोणी उपाशी राहतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना खाली मान घालावी लागते. उपाय ३३ व्या वचनात आहे, तोही अगदी साधा : एकमेकांसाठी थांबा. म्हणजे 'परीक्षा करा' याचा तिथला पहिला अर्थ 'आपल्या पंगतीत कोण उपाशी राहिलं ते बघा' असा आहे.

तर हा धागा पद्धतीसाठी. पीडितांची बाजू घेण्यापर्यंत पोचणारं आत्मपरीक्षण प्रत्यक्षात कसं करायचं, किती वेळ, कोणते प्रश्न, कुठे फसतं. प्रवचनं नकोत, ती रविवारी मिळतात. 🙂

तिसरा_प्रहर

धागा आवडला. जुनी पद्धत आधी नीट मांडतो, कारण ती मोडीत काढायची गरज नाही, तिची दिशा वळवावी लागते.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची 'आध्यात्मिक साधना' १५४८ साली पोपच्या मान्यतेने छापली गेली. तीत सर्वसाधारण परीक्षणाचे पाच टप्पे आहेत : (१) मिळालेल्या कृपेबद्दल आभार, (२) पाप ओळखता यावं म्हणून कृपा मागणं, (३) उठल्यापासून आत्तापर्यंत तासातासाने आढावा, आधी विचार, मग शब्द, मग कृती, (४) क्षमायाचना, (५) सुधारणेचा निश्चय आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. हल्ली सर्वसाधारणपणे पंधरा मिनिटं धरतात.

याखेरीज एक 'विशेष परीक्षण' आहे, ते लोक विसरतात. त्यात एकच दोष धरायचा. सकाळी उठताच निश्चय, दुपारच्या जेवणानंतर पहिली मोजणी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. मधल्या वेळात चूक झाली की हात छातीला लावायचा, चारचौघांतही चालतं, कोणाच्या लक्षात येत नाही. कागदावर रोजच्या दोन रेघा. दुपारपर्यंत जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके वरच्या रेघेवर, नंतरचे खालच्या. आठवड्याच्या सात जोड्या, आणि रेघा दिवसागणिक आखूड होत जातात, कारण ठिपके कमी व्हावेत अशी अपेक्षा. मग रेघ रेघेशी, दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून बघायचा.

आता दिशा वळवायची कुठे? तिसऱ्या टप्प्यात. तासांऐवजी माणसं घ्या. आज माझं काम कोणी केलं? कोणाचे पैसे माझ्या हातात होते? कोणाला ताटकळत ठेवलं? कोणाची टिंगल चालू असताना हसलो? कुठे तोंड उघडायला हवं होतं आणि उघडलं नाही? माणसाचं नाव लिहायचं. नाव माहीत नसेल तर तेच पहिलं निष्पन्न, की जो माणूस रोज माझं काम करतो त्याचं नाव मला ठाऊक नाही.

आणि विशेष परीक्षणासाठी 'राग' किंवा 'आळस' याऐवजी 'सोयीस्कर मौन' हा दोष महिनाभर घेऊन बघा. ठिपके मोजताना पहिल्या आठवड्यात फार कमी येतात. त्याचा अर्थ दोष नाही असा नाही. मौन घडताना कळतच नाही, ते मागून कळतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरू नका, नजर तयार होते आहे.

पाऊलवाट

मौनाचा ठिपका द्यायचा कधी? बोललो नाही असे प्रसंग तर दिवसाला पन्नास असतात.

तिसरा_प्रहर

@पाऊलवाट, तीन अटी लावा. अन्याय होतोय हे मला दिसत होतं. मी बोललो असतो तर ऐकलं जाण्याची थोडी तरी शक्यता होती. आणि मी गप्प बसलो ते माझ्या सोयीसाठी, समोरच्या पीडिताच्या सुरक्षेसाठी नाही. तिन्ही जुळल्या तरच ठिपका.

एक उदाहरण बारकाईने. अकराची बैठक. एक कर्मचारी तक्रार मांडायला लागते, अध्यक्ष दुसऱ्याच वाक्याला तोडतात : "हे आपण नंतर बघू." पुढचा विषय सुरू. इतिवृत्तात तक्रारीची ओळ नाही. रात्री परीक्षणाला बसल्यावर 'मी भित्रा आहे' एवढं लिहून थांबायचं नाही, ते फार सोपं आणि फार निरुपयोगी. लिहायचं असं : मी टेबलाच्या या बाजूला होतो. तक्रार खरी आहे हे मला आधीपासून माहीत होतं. "त्यांचं पूर्ण होऊ द्या" या चार शब्दांची मला काय किंमत पडली असती? अध्यक्षांची नाराजी, बस. गप्प राहिल्याने फायदा कोणाचा झाला? माझाही झाला. निश्चय 'यापुढे धाडसी होईन' असा नाही, तर 'उद्या दुपारपर्यंत तिला विचारीन, की पुढच्या बैठकीत हा विषय मी लेखी मांडलेला चालेल का'. तिने नको म्हटलं तर नाही. परवानगीचा हा टप्पा गाळला की आपलं प्रायश्चित्त तिच्या डोक्यावर बसतं.

शब्दार्थी

छोटीशी भर. कॅथलिक मिस्सेतल्या (उपासनेतल्या) पापांगीकारात, म्हणजे पापांच्या कबुलीच्या प्रार्थनेत, पूर्वी 'विचाराने, शब्दाने आणि कृतीने' एवढंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या, सहाव्या पोप पॉल यांच्या उपासनाविधीत चौथा शब्द आला : 'न केल्याने'. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातल्या सामान्य पापांगीकारात मात्र १५५२ पासूनच 'जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही' हे वाक्य आहे, तेही 'जे करू नये ते केलं' याच्या आधी. याकोब ४:१७ मध्येही हेच : चांगलं काय ते कळूनही जो करत नाही, त्याला ते पाप. म्हणजे मौनाचं परीक्षण हे कोणी आधुनिक लोकांनी घुसडलेलं नाही.

उलटतपासणी

मला हे सगळं जरा घसरतंय असं वाटतं. प्रभूने स्पष्ट सांगितलंय, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ. आपण सगळे पापी. मग दुसऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवायचा अधिकार कोणाला? आत्मपरीक्षण पूर्ण होऊ दे, मग समाजाकडे बघू. शिवाय मंडळीने राजकारणात पडू नये.

हिशेबनीस

@उलटतपासणी, मत्तय ७:५ शेवटपर्यंत वाचा ना. आधी मुसळ काढ, *मग* भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. वाक्य मुसळावर संपत नाही. मुसळ काढायचं ते दिसावं म्हणून, आणि दिसायला हवं ते दुसऱ्याचं कुसळ निघावं म्हणून. डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसाला "थांब, माझं आत्मपरीक्षण चालू आहे" म्हणून वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं या वचनात बसत नाही.

'पूर्ण होऊ दे' हे तर कधीच होणार नाही. इसवी सन १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथल्या चार क्वेकरांनी (मूक उपासनेसाठी ओळखला जाणारा ख्रिस्ती पंथ) गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध सादर केला. मासिक सभेने तो त्रैमासिक सभेकडे ढकलला, त्रैमासिकने वार्षिक सभेकडे, आणि तिथे विषय बाजूला पडला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली ती १७७६ साली. मोजा : ८८ वर्षं. त्या काळात क्वेकर लोक आत्मपरीक्षण करत नव्हते असं नाही, उलट शांत बसून अंतर्मन तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रश्नच चुकीच्या ठिकाणी रोखलेला होता.

शब्दार्थी

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला जोडून अमेरिकेतला क्वेकर जॉन वूलमन (१७२०-१७७२). या विषयावर अभ्यासायला इतका नेमका माणूस दुसरा नाही.

तरुणपणी तो दुकानात कामाला होता आणि लोकांचे कागदपत्र लिहून द्यायचा. मालकाने एका कृष्णवर्णीय स्त्रीचं विक्रीखत लिहायला सांगितलं. खरेदीदार एक वृद्ध, सज्जन क्वेकर. वूलमनने लिहून दिलं, पण अस्वस्थ होऊन मालक आणि खरेदीदार दोघांसमोर म्हणाला, की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माला धरून नाही असं मला वाटतं. तेव्हा एवढंच जमलं. पुढे त्याने असे कागद लिहायला नकारच दिला. मृत्युपत्र लिहायला आलेल्या माणसाला सांगायचा, बाकी सगळं लिहितो, गुलाम कोणाला द्यायचा ते कलम लिहिणार नाही.

यात पद्धत दिसते बघा. परीक्षण पोचलं ते त्याच्या स्वतःच्या लेखणीपर्यंत. जगातली गुलामगिरी हा विषय नव्हता, आज माझ्या हातून कोणता कागद तयार होतोय हा होता. मग प्रवासात गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी मुक्काम करावा लागला तर फुकट पाहुणचार घ्यायचा नाही. ज्यांनी सेवा केली त्या गुलामांसाठी पैसे ठेवायचे. यजमानाला ते झोंबायचं, साहजिकच. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांच्या घरी जाऊन बोलायला समिती नेमली, तीत तो होता. १७७६ च्या बंदीच्या चार वर्षं आधी वारला.

आणि राजकारणाबद्दल : मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने मरण्याच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ ला पत्र लिहिलं ते ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सला, गुलामगिरीविरुद्धची लढाई सोडू नकोस म्हणून. आता याला राजकारण म्हणायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

उलटतपासणी

मुसळाबद्दल मान्य, वाक्य अर्धंच वाचत होतो. राजकारणाबद्दल अजून नाही. पण असू दे, पुढे चालू द्या.

हिशेबनीस

आता माझा आवडता भाग : भरपाई. क्षमायाचना आणि निश्चय यांच्या मधला टप्पा बहुतेक पद्धतींत गळतो. शास्त्रात तो आकड्यांनिशी आहे.

लेवीय ६:५ आणि गणना ५:७ : मुद्दल पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. निर्गम २२:१ : चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं. जकातदार जक्कय (लूक १९:८) म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. स्वतःहून कबूल करणाऱ्याला नियमाप्रमाणे एक पंचमांशच पुरला असता, त्याने स्वतःला चोराची शिक्षा लावून घेतली. आणि क्रमही बघा, 'आज या घराला तारण झालं आहे' हे वाक्य त्या आकड्यांनंतर येतं.

प्रत्यक्ष हिशेब असा. समजा हाताखालच्या माणसाकडून आठवड्याला ३ तास जादा काम बिनपैशाचं करून घेतलं, ४० आठवडे. १२० तास. पाचवा हिस्सा २४. एकूण १४४ तासांची मजुरी. दर *आजचा*, तेव्हाचा नव्हे. आणि ही रक्कम भेट, बक्षीस किंवा मदत म्हणून द्यायची नाही. देताना 'हे तुमचे होते, मी ठेवून घेतले होते' एवढं वाक्य बोलायचं. ते वाक्य न बोलता पैसे दिले की समोरचा माणूस आपले आभार मानतो, म्हणजे चोराचा सत्कार. लोकांना दान फार आवडतं, भरपाई आवडत नाही, याचं कारण हेच.

मजुरीच्या विलंबाचंही तेच. अनुवाद २४:१५ मध्ये मुदत आहे सूर्यास्ताची. 'देणारच होतो' हे उत्तर तिथे चालत नाही.

कोरी_वही

@हिशेबनीस, हे व्यक्तीपुरतं झालं. मंडळीने, संस्थेने करायचं असेल तर? सामुदायिक पापांगीकार इतका गुळमुळीत असतो की कोणालाच लागत नाही.

वाळूचं_घड्याळ

त्याचा नमुना म्हणून दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला, ऑक्टोबर १९४५ मधली स्टुटगार्टची दोषकबुली. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळीने त्यात म्हटलं, की आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केलं नाही. त्या काळी एवढंही बऱ्याच जर्मनांना जड गेलं, हे मान्य. पण सगळी 'अधिक'ची भाषा आहे. करत होतोच, थोडं कमी पडलं. आणि यहुदी हा शब्द त्यात नाही. बळी कोण, हेच नाही. त्याआधी मंडळीतल्या नाझी हस्तक्षेपाविरुद्धच्या १९३४ च्या बार्मेन घोषणेतही नव्हता. तो दोष नाव घेऊन कबूल व्हायला १९५० ची बर्लिन-वाइसेनझेची धर्मसभा उजाडावी लागली.

दुसरा, दक्षिण आफ्रिकेतला बेल्हार विश्वासांगीकार. मसुदा १९८२, स्वीकार १९८६. वर्णभेदाच्या ऐन काळात, ज्यांना वेगळं काढलं होतं त्याच मंडळीने लिहिलेला. त्यात देव हा निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय झालेल्यांचा विशेष करून देव आहे असं सरळ लिहिलंय आणि मंडळीने त्याच्या बाजूला उभं राहावं असंही. पण सोबतचं पत्र जरूर वाचा. अंगीकार ही दुधारी तलवार आहे, सुवार्तेविरुद्धच्या या वृत्ती आमच्यातही आहेत, अशा आशयाचं त्यात आहे. बाजू घेतानाच स्वतःवरही धार. हे जमणं कठीण.

तर संस्थेच्या पापांगीकाराची चाचणी : कोणी, कोणाचं, काय, कधी, किती. पाचांपैकी एक जरी रिकामं असेल तर मसुदा परत पाठवा. कर्ताच गायब असलेली वाक्यं ('चुका झाल्या', 'भावना दुखावल्या गेल्या') लाल शाईने खोडा.

आणि मसुद्याआधी कपाट उघडा. जुनी जमाखर्चाची पुस्तकं, मालमत्तेचे कागद, कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या नोंदी, तक्रारींच्या फायली. पाप बहुतेक वेळा तिथे तारखेसह नोंदलेलं सापडतं. अमेरिकेत मेरिलंडच्या जेझुइट संघाने १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं विकली, किंमत १,१५,००० डॉलर. नावं, वयं, सगळं कागदावर होतं. जाहीर माफी २०१७ साली. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवताना २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना. गुलामांना काही नाही. त्या मालकांत बार्बाडोसमधला कॉड्रिंग्टन मळा चालवणारी अँग्लिकन मिशनरी संस्थाही होती, आणि तिला ८,००० पौंडांहून जास्त मिळाले. तेव्हाही रविवारी सामान्य पापांगीकार म्हटला जात असणारच.

पाऊलवाट

हे वाचून सुन्न व्हायला होतं. पण मग उभं राहायचं म्हणजे करायचं काय, हा टप्पा अजून आला नाही धाग्यावर.

तिसरा_प्रहर

आणतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिल १९६३ ला बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अहिंसक लढ्याचे चार टप्पे दिलेत : अन्याय खरोखर आहे का याची तथ्यं गोळा करणं, वाटाघाटी, आत्मशुद्धी, आणि मग प्रत्यक्ष कृती. आत्मशुद्धी तिसरी आहे हे लक्षात घ्या. पहिली नाही आणि शेवटचीही नाही.

पहिली नाही, कारण तथ्यांशिवाय केलेलं परीक्षण हवेत राहतं. वाटाघाटींच्या आधी नाही, कारण सरळ मागून मिळत असेल तर लढा कशाला. तिथे व्यापाऱ्यांनी दुकानांवरच्या वर्णभेदी पाट्या काढायचं वचन दिलं होतं. काही पाट्या निघाल्या आणि परत लागल्या, बाकीच्या हलल्याच नाहीत. त्यानंतर तिसरा टप्पा. कार्यशाळा घेतल्या, आणि प्रत्येकाने स्वतःला विचारायचे प्रश्न अगदी ठोस : मार खाऊन उलट हात न उचलता राहू शकशील का? तुरुंग सोसशील का? त्या मोहिमेत स्वयंसेवकांकडून जे प्रतिज्ञापत्र भरून घेत त्यात रोज येशूच्या शिकवणीवर मनन करणं आणि आपल्याला हवा तो न्याय आणि समेट, विजय नव्हे, हे लक्षात ठेवणं अशी कलमं होती.

'विजय नव्हे' हे कलम लोक हसण्यावारी नेतात. अन्यायाविरुद्ध उभं राहिलेल्या माणसाला सगळ्यात आधी हाच रोग लागतो. पीडित बाजूला राहतो आणि समोरच्याला नमवणं हेच काम होऊन बसतं. ज्याला हे परीक्षणात पकडायचंय त्याने एकच प्रश्न रोज विचारावा : आज मागणी मान्य झाली पण माझं नाव कुठे आलं नाही, तर मला चालेल का?

जर्मन पाद्री दिट्रिख बोनहोफरने एप्रिल १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम अडीच महिने होत असताना, मंडळीपुढे तीन मार्ग ठेवले होते : राज्याला त्याच्या कृतीचा जाब विचारणं, राज्याच्या चाकाखाली सापडलेल्यांना मदत करणं (ते मंडळीतले नसले तरी), आणि वेळ आलीच तर नुसती मलमपट्टी न करता चाकच अडवणं. आपल्यापैकी बहुतेकांचं परीक्षण दुसऱ्या मार्गावर समाधानाने थांबतं.

खिडकी

दोन गोष्टी, जिथे धर्मभावनेपायी लोक भयंकर घोळ घालतात.

एक. मत्तय १८:१५, 'तू जाऊन एकांतात त्याला दोष दाखव'. हे वचन मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांवरचा अत्याचार यांना लावायचं नाही. पीडितेला अत्याचाऱ्याकडे एकटीला पाठवणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हातात देणं. समेटाची बैठक, 'दोघांनी मिळून प्रार्थना' वगैरे तर नकोच. क्रम असा : आधी सुरक्षित जागा. मग डॉक्टर लागत असेल तर डॉक्टर. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवणं. सुचक प्रश्न विचारायचे नाहीत ("त्याने तुला असं केलं का?"), "पुढे काय झालं?" एवढंच. मूल असेल तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन बसायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही; पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवावंच लागतं. संस्थेने आधी 'आपली आपण' चौकशी करत बसायचं नाही, त्यात पुरावे जातात.

दोन. अत्याचाऱ्याने पाद्र्यापुढे पाप कबूल केलं म्हणजे पीडितेचा विषय मिटला असं नाही. क्षमा कधी करायची, करायची की नाही, हे तिचं. तिच्यावर क्षमेची घाई लादणं हा दुसरा अत्याचार. माफीपत्रही तिची तयारी विचारल्याशिवाय पाठवू नये. अश्रू ढाळत दारात उभा राहिलेला पश्चात्तापी माणूस बघून तिलाच त्याचं सांत्वन करावं लागतं, हे फार वेळा होतं.

शब्दार्थी

+१. आणि फसण्याचा एक प्रकार इतिहासातून. स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास. १५११ मध्ये, नाताळाआधीच्या आगमनकाळात, कॅरिबियनमधल्या हिस्पानियोला बेटावर आंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन भिक्षूने वसाहतवाल्यांना प्रवचनातून जाब विचारला : ही माणसं नाहीत का? लास कासास तेव्हा धर्मगुरू होता, आणि त्याच्याही ताब्यात सक्तीने राबवायला नेमून दिलेले स्थानिक लोक होते. तरी बदलला नाही. बदलला १५१४ मध्ये, स्वतः प्रवचनाची तयारी करताना. सिराक ग्रंथाचा ३४ वा अध्याय (कॅथलिक बायबलमध्ये आहे) : गरिबाची भाकर हेच त्याचं जीवन, ती हिरावणारा खुनी. त्याने आपले लोक सोडून दिले.

पण पुढे त्या स्थानिक लोकांचे हाल थांबावेत म्हणून त्यानेच आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली. एका पीडिताची सुटका दुसऱ्याच्या खांद्यावर. नंतर त्याला ते कळलं आणि त्याबद्दलचा पश्चात्ताप त्याने लिहून ठेवला. म्हणून कुठलाही उपाय सुचला की परीक्षणात विचारायचं, याचा खर्च कोण भरतंय आणि त्याला विचारलंय का?

त्याच माणसाने म्हातारपणी कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी नियम लिहिले. मरणाच्या दारातला वसाहतवाला कबुलीला आला तर आधी नोटरी बोलवा. गुलाम मुक्त केले, मालमत्ता भरपाईसाठी दिली, असा कायदेशीर दस्त होऊ दे, मग पापमुक्ती. नुसत्या हुंदक्यांवर नाही. हिशेबनीस यांना हा माणूस आवडेल.

हिशेबनीस

आवडला. 😄 नोटरीची कल्पना तर खासच.

काठावरचा

उलट टोकाचं कोणी बोललं नाही म्हणून. काही लोकांना हे सगळं वाचून झोप लागणार नाही. प्रत्येक खरेदीमागे कोणाचं तरी शोषण, प्रत्येक मौन म्हणजे पाप, असं करत मन आतून कुरतडत बसतं. याला जुन्या भाषेत शंकाकुल विवेक म्हणतात. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला यात इतका रुतला होता की जीव द्यायचे विचार आले. जुन्या पापांची पुन्हा पुन्हा कबुली देत राहायचा. कबुली ऐकणाऱ्याने सांगितलं की अगदी स्पष्ट असेल तेवढंच बोल, तर त्याला सगळंच स्पष्ट वाटायला लागलं!

ओळखायची खूण : परीक्षणानंतर नजर कोणाकडे जाते? खऱ्या पश्चात्तापात ती ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जाते, आणि काहीतरी करता येतं. शंकाकुलतेत ती परत स्वतःकडेच वळते आणि हातून काही होत नाही. अशांनी वेळ बांधून घ्यावा, पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा, दिवसाला एकच बाब, एका विश्वासू माणसाला दाखवायची, आणि झालेली बाब पुन्हा उघडायची नाही. तरीही कुरतडणं थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

आणि स्वतःला फार चलाख समजणाऱ्यांसाठी नाथानची युक्ती (२ शमुवेल १२). दावीद राजाला स्वतःचा गुन्हा दिसत नव्हता, पण संदेष्टा नाथानने सांगितलेल्या गोष्टीतल्या मेंढरू लाटणाऱ्या श्रीमंताचा मात्र लगेच दिसला आणि त्याने चौपट भरपाईचा निकालही दिला. तसंच आपला प्रसंग तृतीय पुरुषात लिहायचा, 'एका वरिष्ठाने', 'एका घरमालकाने'. नाव बदलायचं, आठवडाभर ठेवायचं, मग वाचून निकाल द्यायचा. शेवटी नाव भरायचं.

कोरी_वही

नाथानची युक्ती गटात करता येईल का? वेस्लीच्या गटांसारखं काही?

वाळूचं_घड्याळ

येईल. वेस्लीच्या गटांचे नियम डिसेंबर १७३८ चे. आठवड्यातून एकदा भेट, वेळेवर सुरुवात, आणि प्रत्येक भेटीत ठरलेले प्रश्न : मागच्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणते मोह आले, त्यातून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही याची शंका आहे असं काय केलं-बोललं. शेवटचा प्रश्न इथे सोन्यासारखा आहे, कारण शोषणाची बहुतेक प्रकरणं त्याच करड्या पट्ट्यात असतात.

गट चार-पाच जणांचाच ठेवा. आठाच्या वर गेला की लोक भाषण करतात. एक पथ्य : मालक आणि त्याचा नोकर, किंवा वरिष्ठ आणि हाताखालचा, एका गटात नको. हाताखालच्या माणसाला खरं बोलता येत नाही आणि वरच्याला फुकट पापमुक्ती मिळते. आणि गटात ठरलेली भरपाई पुढच्या भेटीत आधी विचारायची, प्रार्थनेच्याही आधी. "झाली का?" हो किंवा नाही.

पाऊलवाट

शेवटचा प्रश्न. ज्याचं नुकसान केलं तो माणूस सापडतच नाही, किंवा वारला. मग?

हिशेबनीस

गणना ५:८. तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. नातलगही नसेल तर रक्कम परमेश्वराची, याजकाकडे द्यायची. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत ती तुमच्याकडे राहत नाही. व्यवहारात : आधी खरोखर शोधा, जुना पत्ता, सोबत काम करणारे, कामावर लावून देणारा, निदान तीन वाटा. शोधलं कसं ते लिहून ठेवा. वारस सापडला तर पूर्ण हिशेब त्याच्यापुढे ठेवा. नाहीच सापडला तर मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, त्याच प्रकारच्या कामातल्या माणसांसाठी, आणि आपल्या नावाशिवाय. पावती मात्र घ्या. कधी तो माणूस परत आला तर ती दाखवून 'मी दिले होते' म्हणायचं नाही. त्याचे त्याला पुन्हा द्यायचे.

उलटतपासणी

दोनदा?

हिशेबनीस

दोनदा. पहिले पैसे त्याला मिळालेच नव्हते ना.